डाग आणि उजेड : पॉलिमर क्लेवरच्या जलरंगांविषयी

मागच्या व्याख्यानात बोलण्याच्या ओघात आम्ही एक शेरा मारला होता. पॉलिमर क्लेवर शाईचे थेंब टाकून केलेली, 'वॉटर कलर इफेक्ट'ची म्हणून मिळतात ती कानातली आणि पेंडंट, त्यांना आम्ही 'जलरंगाचे बेगडी दागिने' म्हणालो. सभागृहात हशा झाला. हशा झाला की वक्त्याला आपण बरोबर आहोत असं वाटायला लागतं, हा आमच्या व्यवसायातला जुना रोग आहे.

घरी गेल्यावर पत्नीने चहाबरोबर दोन तुकडे समोर ठेवले. चाळीस वर्षं ती जलरंगात चित्रं काढत आली. गेल्या तीन वर्षांत बोटांच्या सांध्यांमुळे तिला ब्रश नीट धरवत नाही, पण ड्रॉपरने थेंब टाकता येतो. म्हणून ती या क्लेकडे वळली. हे आम्हाला माहीत होतं, आणि तरी आम्ही तो शेरा मारला होता. ती एवढंच म्हणाली, "दोन्ही मीच केलेत. यातलं बेगडी कुठलं ते सांगा." आम्ही एका तुकड्यावर लगेच बोट ठेवलं. "का?" या प्रश्नाला मात्र उत्तर देता येईना. आज ते उत्तर शोधायचं आहे.

आधी पदार्थ बघू. पॉलिमर क्ले ही माती नव्हे, नाव फसवं आहे. आपल्या नळाचे पाइप ज्याचे असतात त्या पीव्हीसीची बारीक पूड आणि तिला मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य, असा हा गोळा. तो कणकेसारखा मळायचा, पास्ता मशीनमधून लाटायचा आणि घरच्या ओटीजीत भाजायचा. तापमान साधारण 110 ते 135 अंश सेल्सिअस, नक्की किती ते पाकिटावर लिहिलेलं असतं आणि ते पाळायचं असतं, कारण पीव्हीसी फार तापलं तर घातक वाफा सोडतं. कुंभाराच्या मातीसारखं यातून पाणी उडून जात नाही. उष्णतेने ते कण एकमेकांत मिसळतात आणि सलग प्लास्टिक तयार होतं.

आता अशा तेलकट पृष्ठभागावर साधा जलरंग लावून बघा. अळवाच्या पानावर पाणी टाकल्यासारखं होतं, थेंब गोळा होऊन बसतो. पाण्याचा पृष्ठताण 72 मिलिन्यूटन प्रति मीटर, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा 22च्या आसपास. म्हणून क्लेवर चालते ती अल्कोहोलची शाई. ती पसरते आणि काही मिनिटांत सुकते. पूर्ण सुकल्याशिवाय ओव्हनमध्ये मात्र घालायचं नाही, अल्कोहोल पेट घेतं. म्हणजे गंमत बघा, ज्याला जलरंगाचा इफेक्ट म्हणतात त्यात जलच नाही. आमच्या शेऱ्याला एवढा आधार पुरेसा वाटला होता.

पण तो पुरत नाही. सुकलेल्या शाईवर स्वच्छ अल्कोहोलचा एक थेंब टाकला की रंग मधून बाहेर सरकतो, मध्ये फिकट वर्तुळ राहतं आणि कडेला गडद रेघ उमटते. कागदावर जलरंगाचा वॉश सुकतो तेव्हाही कडेला अशीच रेघ येते. बशीतला कॉफीचा डागसुद्धा कडेलाच गडद का असतो, हे शिकागो विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी 1997 साली 'नेचर'मध्ये उलगडून दाखवलं: थेंबाची कड जागेला चिकटून राहते, तिथून बाष्पीभवन लवकर होतं, ती तूट भरायला आतला द्रव कडेकडे वाहतो आणि येताना कण घेऊन येतो. अल्कोहोलच्या बाबतीत पृष्ठताणातल्या फरकाचाही ओढा असतो. तपशील वेगळे, पण कूळ एकच. सनमायकावर सागवानाच्या रेषा छापतात तेव्हा तिथे झाड कधी वाढलेलं नसतं. इथे तसं नाही. ही रेघ कुणी काढलेली नाही, ती द्रवाच्या वाहण्यातून झालेली आहे. तिला नक्कल म्हणताना आम्ही जरा थांबायला हवं होतं.

शंकुकाचा चित्रतुरग आपल्याला ठाऊक आहेच. चित्रातला घोडा पाहून 'हा घोडा' असं जे वाटतं ते सम्यक् ज्ञान नव्हे, मिथ्याही नव्हे, संशय नव्हे आणि सादृश्यही नव्हे. नटाबद्दल बोलताना त्याने हे मांडलं आणि अभिनवगुप्ताने ते नोंदवून त्याचं खंडनही केलं. खंडन बाजूला ठेवू. आपल्या कामाचं एवढंच की 'हा जलरंग आहे का?' हा प्रश्न खरं-खोटं या दोनच खणांत बसवण्याची घाई आम्ही केली.

दुसरं उदाहरण जवळचं. मळवली स्टेशनला उतरलात तर एका बाजूला भाजे, दुसऱ्या बाजूला कार्ले. भाज्याच्या चैत्यगृहातले खांब आत कललेले आहेत. लाकडी इमारतीत तो कल छताचा रेटा पेलायला उपयोगी असतो, डोंगर कोरून काढलेल्या लेण्यात त्याला काही काम नाही. दगड तिथे लाकडाची आठवण काढतोय. काही पिढ्यांनंतर कार्ल्यात छताला लाकडाच्या फासळ्या आहेतच, त्यातल्या मूळच्या अजून टिकून आहेत, पण खांब सरळ उभे राहिलेत आणि त्यांच्या माथ्यावर हत्ती आणि स्वार आलेत. दगडाला आता दगडासारखं बोलता येतंय. भाज्याला कुणी बेगडी म्हणेल? आम्ही तरी म्हणणार नाही. मग क्लेने कागदाची आठवण काढली तर एवढं काय बिघडलं?

बिघडतं ते आठवण कशाची काढली यावर. जलरंगाचं मर्म कशात आहे? डागांत नाही. पसरलेल्या कडा आणि फुललेले ठिपके हे त्या माध्यमाचे योगायोग आहेत, सुंदर आहेत, पण योगायोग आहेत. मर्म आहे ते उजेडात. जलरंग पारदर्शक असतो. प्रकाश रंगातून आत जातो, कागदाच्या पांढऱ्यावर आपटतो आणि पुन्हा रंगातून बाहेर येतो. पांढरा रंग म्हणून काही लावायचा नसतो, तो राखायचा असतो. सा. ल. हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' आठवा. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे ते, आणि अजूनही कितीतरी लोक ते रविवर्म्याचं समजतात. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा, आणि बोटांवर तो तांबूस उजेड. तेलरंगात चित्रकार असा उजेड वरून लावू शकतो. जलरंगात उजेड हवा तिथे रंग कमी करायचा, कागदाला बोलू द्यायचं. चित्रात उजळलेलं जे काही आहे ते बरंचसं न केलेलं काम आहे.

आता ते दोन तुकडे. पहिल्यात खाली अपारदर्शक पांढरी क्ले. तत्त्वाने बघितलं तर ही अगदी कागदासारखीच जमीन, पांढऱ्यावर पारदर्शक रंग. पण तिच्यावर गुलाबी, जांभळा, निळा, पिवळा आणि वर सोनेरी. नखाएवढीही जागा मोकळी नाही. रंग एकमेकांत मिसळून मध्यभागी चिखल झालाय. आणि या सगळ्यावर रेझिनचा जाड चकचकीत थर. ट्यूबलाइटखाली धरला तर ट्यूबलाइटच दिसते. प्रकाश वरच्या वर परत जातो, आतून येणाऱ्या उजेडाला ती चकाकी झाकून टाकते. जलरंगाचे सगळे डाग इथे हजर आहेत आणि जलरंग तेवढा गैरहजर.

दुसऱ्यात अर्धपारदर्शक क्ले. कच्ची असताना ती दुधाळ दिसते, भाजली की उजेड आत घेते. तिच्या पातळ पापुद्र्यावर एकच निळा, तोही एका कोपऱ्यात, दोन तृतीयांश जागा रिकामी. तो सुकल्यावर वर त्याच क्लेचा आणखी पातळ पापुद्रा, आणि मग भाजलेला. वर रेझिन नाही, बारीक पॉलिश पेपरने घासून कापडाने पुसलेला. निळा पृष्ठभागावर नाही, थोडा आत आहे, भरल्या विहिरीच्या तळाशी काही दिसावं तसा. प्रकाश आत शिरतो, आतल्या आत विखुरतो आणि रेंगाळत बाहेर येतो. हे कागदाला जमत नाही. अमेरिकेत कॅथलीन डस्टिन यांनी अशा अर्धपारदर्शक थरांमध्ये चित्रं ठेवून पर्स घडवल्या, त्यांची कीर्ती याच खोलीसाठी आहे. पहिला तुकडा कागदाचे डाग आठवतो, दुसरा कागदाचा उजेड आठवतो आणि मग स्वतःचं काहीतरी करतो.

एक आक्षेप आम्ही तरीही सोडला नव्हता. कागदावर चुकलं की चुकलं. क्लेवर अल्कोहोलचा बोळा फिरवला की शाई बरीचशी पुसता येते. मग धोका कुठे उरला? पुष्कळ तुकडे पंचवीस वेळा सुधारल्यासारखे थकलेले दिसतात ते यामुळेच, हे आमचं निरीक्षण अजून कायम आहे. त्यावर पत्नी म्हणाली, "तुम्हाला पुसणं दिसतं, भाजणं दिसत नाही." अर्धपारदर्शक क्ले जरा जास्त तापली की पिवळट पडते. मळताना हवा किंवा ओल अडकली असेल तर आत चंद्रकोरीसारखे पांढुरके ठिपके उमटतात. ते पुसता येत नाहीत. तिच्या डब्यात असे तीसेक तुकडे पडून आहेत. आम्ही ते कधी पाहिले नव्हते. आक्षेप निम्मा मागे घेतला.

टिकाऊपणाबद्दल मात्र मागे घेणार नाही. या शायांत बहुधा डाय असतात, पिगमेंट नसतात, आणि डाय उन्हाला टिकत नाहीत. आमच्याकडे एक नमुना अर्धा काळ्या कागदाने झाकून गॅलरीच्या खिडकीत ठेवला होता. एका उन्हाळ्यात उघड्या बाजूचा गुलाबी जवळजवळ गेला. निळा फिका झाला, पण राहिला. यात क्लेला कमी लेखण्याचं कारण नाही. खुद्द जलरंगांची हीच तक्रार होती. इंग्लंडमध्ये रसेल आणि अॅबनी यांनी 1888 साली उजेडाने जलरंगांवर काय होतं याचा अहवाल सरकारला दिला. त्यानंतर रंग टिकतो की उडतो, याबद्दल विकणाऱ्याने बोलावं ही अपेक्षा रुजत गेली. आज रंगाच्या ट्यूबवर टिकाऊपणाची खूण असते. एका प्रदर्शनात आम्ही एका स्टॉलवर विचारलं, "हा रंग किती वर्षं राहील?" उत्तर आलं, "काका, हँडमेड आहे." हे उत्तर नव्हे. अठराशे रुपयांचा तुकडा घेणाऱ्याला तो उन्हात ठेवू नका एवढं सांगायला काय हरकत आहे? पिगमेंटवाल्या शाया मिळतात, त्या वापरा, किंवा मग डाय आहे असं लिहा.

पत्नीला हे सगळं काल वाचून दाखवलं. ती म्हणाली, पहिला तुकडा वाईट आहे हे तिला तो करतानाच कळलं होतं. गिऱ्हाइकाला चमक हवी असते म्हणून रेझिन ओतलं, आणि तसलेच आधी खपतात. दुसऱ्यासारखे सहा केले, त्यातला एक गेला.

दोन्ही तुकडे आता पहिल्या रांगेपासून फिरवतोय. आधी दिव्याखाली बघा, मग दुसरा खिडकीकडे धरून बघा. बघून झाल्यावर त्या डबीत ठेवून झाकण लावा, उघडे ठेवू नका, ते परत द्यायचे आहेत आणि घरी त्यांची मोजणी होणार आहे. तोवर प्रश्न घेऊ.