'नीरा माथुर' निकालपत्र : गर्भावस्था, गोपनीयता आणि नोकरी – एक चिकित्सा

स्त्री कामगाराच्या प्रसूतीचा प्रश्न नागपूरला नवा नाही. मुंबई प्रांताने १९२९ मध्ये आणि त्यापाठोपाठ नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांताने १९३० मध्ये प्रसूतिलाभाचा कायदा केला. मुंबईच्या विधेयकाला १९२८ मध्ये कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पाठिंबा होता. या कायद्यांचे, आणि पुढे १९६१ च्या केंद्रीय कायद्याचेही, गृहीत एकच : स्त्री आधीच कामावर आहे व गरोदर असल्याचे ती स्वतः मालकाला कळवते. नेमणुकीपूर्वीच मालकाने ते विचारले तर काय, याचे उत्तर त्यांत नाही. 'नीरा माथुर विरुद्ध भारतीय आयुर्विमा महामंडळ' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला ते देण्याची संधी होती. ३१ ऑक्टोबर १९९१ च्या निकालात ती अर्धीच घेतली गेली.

लेखी परीक्षा व मुलाखत उत्तीर्ण झालेल्या उमेदवाराकडून महामंडळाने मे १९८९ मध्ये प्रतिज्ञापत्रक भरून घेतले. मासिक पाळी नियमित व वेदनारहित असते काय, शेवटची पाळी केव्हा आली, किती वेळा गर्भधारणा झाली, गर्भपात झाला काय, असे त्यातील रकाने होते. महामंडळाच्याच यादीवरील डॉक्टरांनी त्यांना कामास योग्य ठरविले. जानेवारी १९९० मध्ये प्रसूती झाली. पुढच्याच महिन्यात, रजेवर असताना, त्यांना सेवामुक्त करण्यात आले. परिवीक्षाकाळातील काम असमाधानकारक असल्याचा कोणताही पुरावा न्यायालयाला आढळला नाही. पाळीची तारीख खोटी देऊन गर्भावस्था लपविली, हे खरे कारण महामंडळाच्या बचावातूनच उघड झाले. येथे थोडे थांबावयास हवे. मालकाने कारण स्वतःच सांगितले, म्हणून येथे संशय सिद्ध झाला. 'काम समाधानकारक नाही' एवढेच लिहून तो गप्प राहिला, तर तीच स्त्री काय सिद्ध करू शकेल?

न्यायालयाने पुनर्नियुक्तीचा आदेश दिला, हे निःसंशय महत्त्वाचे. परंतु त्यामागचा युक्तिवाद तपासला पाहिजे. असे प्रश्न लाजिरवाणे आहेत, स्त्रीची शालीनता व स्वाभिमान त्यांची उत्तरे देण्याआड येऊ शकतात, असे न्यायालय म्हणते आणि ते रकाने वगळावेत असे सुचविते. प्रश्नांचा कार्यालयीन कामाशी संबंध काय, हा मुद्दा मात्र मध्यवर्ती होत नाही. शालीनतेवर आधारलेला आक्षेप सभ्य भाषेत विचारलेल्या प्रश्नापुढे लंगडा पडतो. रकाना गेला तरी तपासणीचे टेबल उरतेच. आणखी एक विसंगती नजरेआड करता येत नाही : ज्या माहितीची चौकशी अपमानास्पद ठरविली, ती पाळीची तारीख व प्रसूतीचा तपशील अर्जदाराच्या नावासह विधी-अहवालांत कायमचा छापला गेला. उलट, एचआयव्हीबाधित हंगामी कामगाराच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये कामगार व महामंडळ दोघांचीही नावे झाकली. तो खटला आजही केवळ 'एमएक्स विरुद्ध झेडवाय' म्हणून ओळखला जातो. पुढे २०१७ च्या कायद्याने नोकरीसाठी एचआयव्ही चाचणीची अट घालण्यास स्पष्ट मनाई केली. गर्भावस्थेच्या बाबतीत इतकी नेमकी मनाई प्रसूतिलाभाच्या कायद्यात आली नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने रजा २६ आठवड्यांवर नेली, प्रवेशद्वार तसेच राहिले.

त्या प्रवेशद्वारावर काय घडते, हे तीन दशकांनी दिसले. मुंबईत मुख्यालय असलेल्या भारतीय स्टेट बँकेने तीन महिन्यांहून अधिक गरोदर उमेदवारांना 'तात्पुरत्या अपात्र' ठरविणारी सूचना काढली आणि टीकेनंतर जानेवारी २०२२ मध्ये ती स्थगित केली. यात उद्धट प्रश्न एकही नव्हता. होता तो केवळ वैद्यकीय निकष. १९९१ च्या युक्तिवादाला अशा निकषाबद्दल बोलण्यासारखे फारसे काही नाही.

खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मान्य केल्यावर ही पोकळी भरून निघेल, अशी अपेक्षा रास्त होती. तथापि २०२३ च्या अंकीय व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याचे सातवे कलम 'नोकरीच्या प्रयोजनार्थ' संमतीविना माहिती वापरण्यास वाव देते, आणि आरोग्यविषयक माहितीचा वेगळा, अधिक संरक्षित वर्ग तो कायदा करीत नाही. कोणती माहिती नोकरीच्या प्रयोजनाची, हे आरंभी मालकच ठरविणार. आयुर्विमा महामंडळानेही ते रकाने त्याच समजुतीने छापले होते.