अफवा, परवाना आणि माफी

साथीच्या दिवसांत खरें-खोटें कोणीं ठरवावें, हा प्रश्न पुण्यास नवा नाहीं. महाराष्ट्रांतील कोविडचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजीं पुण्यांत आढळले आणि १४ मार्चला सरकारनें १८९७ च्या साथरोग कायद्याखालीं नियम काढले. त्यांतील एकाच वाक्याचें परीक्षण आम्हांस येथें करावयाचें आहे. वस्तुस्थितीची खात्री केल्यावांचून आणि आरोग्यखात्याचे वरिष्ठ किंवा जिल्हाधिकारी यांची पूर्वपरवानगी घेतल्यावांचून कोणींही वृत्तपत्रादि साधनांनीं या रोगाची माहिती प्रसृत करूं नये, असा त्याचा आशय होता.

या वाक्याचा पूर्वार्ध विवेकाचा, उत्तरार्ध सत्तेचा. आणि बोचतें तें मधलें 'आणि' हें अव्यय. खात्री झाली तरी परवाना हवाच! आम्ही राहतों त्या हिंजवडींत, संगणकाच्या कारखान्यांशेजारीं, त्या वर्षीं दारें बंद झालीं. पण लसणीचे आणि काढ्याचे रामबाण उपाय मोबाइलवरून घरोघर येतच राहिले. त्यांच्या कर्त्यांनीं परवाना मागितला असेल, असें आम्हांस वाटत नाहीं. अशा नियमाचा धाक बसतो तो लिहिण्यापूर्वीं विचार करणारासच.

हा कायदा झाला त्याच वर्षीं पुण्यांत प्लेगच्या घरझडत्या चालल्या होत्या. गोऱ्या शिपायांनीं स्त्रियांवर अत्याचार केले, असें गोपाळराव गोखल्यांनीं पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारें विलायतेंत प्रसिद्ध केलें. परत आल्यावर पुरावा पुढें करतां येईना, पत्रलेखकांचीं नांवें सांगतां येईनात. त्यांनीं जाहीर माफी मागितली. लोकमान्यांस तर 'केसरी'तील लिखाणाबद्दल राजद्रोहाच्या आरोपाखालीं १८ महिन्यांची शिक्षा झाली. गोखल्यांचें विधान मागें घेतलें गेलें. परंतु साक्षीदार नांव सांगण्यास भितो अशा राज्यांत खरी हकीकत आणि अफवा यांचा निवाडा व्हावा कसा?

परक्या सत्तेचाच हा दोष, असेंही नव्हे. वूहानचे डॉक्टर ली वेनलियांग यांनीं सहकाऱ्यांस नव्या रोगाची सूचना दिली, तेव्हां ३ जानेवारी २०२० रोजीं त्यांच्याच देशाच्या पोलिसांनीं खोटी माहिती पसरविल्याबद्दल त्यांस ताकीद दिली. ७ फेब्रुवारीस ते त्याच रोगानें वारले. उलट, प्राणवायूसाठीं हांक मारणाऱ्या नागरिकांवर कारवाई केल्यास तो न्यायालयाचा अवमान समजूं, असें आपल्या सर्वोच्च न्यायालयानें ३० एप्रिल २०२१ रोजीं बजावलें, तें योग्यच झालें.

तेव्हां त्या वाक्याचा पूर्वार्ध ठेवून उत्तरार्ध बदलावा, एवढीच आमची सूचना आहे: खात्री करून लिहावें, आणि चूक आढळतांच ती तितक्याच ठळकपणें मागें घ्यावी. गोखल्यांनीं हें केलें. हा नियम सरकारासही लागू असावा.