पांढरीचे उत्खनन आणि गावकुसाबाहेरचा विद्यार्थी

पीक येते ती काळी आणि माणसे राहतात ती पांढरी, ही आपल्या खेड्याची जुनी वाटणी. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेणमाती आणि पडक्या भिंतींचा चुरा साचून गावठाणाची माती भुरकट होते, उंचावते. पुरातत्त्वज्ञ आपला खड्डा घेतो तो ह्या पांढरीत. आपली वस्ती मात्र पांढरीच्या बाहेर! तेव्हा ज्या शास्त्राचे सारे लक्ष पांढरीवर, त्या शास्त्रात पांढरीबाहेरच्या मुलाने काय म्हणून शिरावे?

हा प्रश्न मला एका विद्यार्थ्याने पाडला. काष्टीहून घोड नदी काही दूर नाही. तिच्या काठच्या एका शेतात त्याची आई कांदा काढायला गेली होती, हाही बरोबर होता. तिथे सापडलेले एक खापर त्याने माझ्यापुढे ठेवले. तांबूस रंग, वर काळ्या रेघा, टिचकी मारली की खणखणीत आवाज. "सर, याचं शिक्षण घेता येतं का?" घरी आईने अगोदरच विचारले होते, "खापरं शिकून पोट भरंल का?" दोन्ही प्रश्न खरे आहेत. त्यांची उत्तरे शोधण्यासाठी मी ह्या विषयाची पुस्तके पुन्हा वाचायला घेतली, आणि ह्या वेळी ती आमच्या बाजूने वाचली.

असे खापर ज्या गावाच्या नावाने ओळखले जाते ते जोर्वे आमच्याच जिल्ह्यातले, संगमनेर तालुक्यातले. तिथे १९५०-५१ साली उत्खनन झाले. पुढे नेवासे झाले, दायमाबाद झाले आणि घोडकाठी, शिरूर तालुक्यात, इनामगाव झाले. १९६८ ते १९८३ ह्या काळात डेक्कन कॉलेजने इनामगावला सव्वाशेहून अधिक घरे उघडी केली. हे काम मोठे आहे, ते नाकारण्यात पुरुषार्थ नाही. राजवाडे आणि देवळे ह्यांच्या पलीकडे जाऊन तीन हजार वर्षांपूर्वीचा साधा शेतकरी काय खात होता, कुडाच्या घरात कसा राहत होता, मेलेले मूल दोन मडक्यांची तोंडे जुळवून घरातच कसे पुरत होता, हे ह्या संशोधकांनी सांगितले. सामान्य माणसाचा इतिहास मागणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्यांचे ऋण मानलेच पाहिजे.

प्रश्न आहे तो अर्थ लावण्याचा. म. के. धवळीकरांच्या मांडणीत इनामगावच्या मध्यभागी सधन शेतकऱ्यांची घरे आहेत. त्यांतल्या पाच खोल्यांच्या मोठ्या घराशेजारी धान्याचे कोठार आहे आणि अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेला एक पुरुष पुरला आहे. हा गावचा प्रमुख, असे अनुमान. आणि कुंभार, सोनार, मणी करणारा, चुना भाजणारा, हस्तिदंताचे काम करणारा हे कारागीर पश्चिमेच्या कडेला. म्हणजे समाजात उतरंड होती, हे दुसरे अनुमान.

हे चित्र कुणाच्या डोळ्यांनी पाहिले गेले? मध्ये पाटलाचा वाडा, कडेला बलुतेदार, हे आपल्या कालच्या खेड्याचे चित्र आहे. आजच्या खेड्यावरून कालचे ताडून पाहणे ही ह्या शास्त्राची मान्य रीत आहे, तिला माझा आक्षेप नाही. पण कारागिराची भट्टी कडेला असते ती गवताने शाकारलेल्या घरांना आग लागू नये म्हणूनही. कडेला असणे म्हणजे हलके असणे, हे समीकरण मातीने सांगितले की आपल्या संस्काराने? कोठार सापडले की त्याचा मालक शोधला जातो. ते कुणाच्या श्रमाने भरले, हा प्रश्न त्याच घाईने का विचारला जात नाही? कदाचित धवळीकरांचेच अनुमान बरोबर ठरेल. परंतु ते तपासायला ज्याला कडेला राहण्याचा अर्थ अंगाने ठाऊक आहे, असा कुणी त्या खड्ड्यात उतरला पाहिजे.

१९७८ साली दोन आत्मकथने प्रसिद्ध झाली. एक ह. धी. सांकळियांचे 'बॉर्न फॉर आर्किऑलॉजी', म्हणजे पुरातत्त्वासाठीच जन्मलेला. दुसरे दया पवारांचे 'बलुतं'. सांकळियांनी जोर्वे खणले ते प्रवरेकाठी. दया पवारांचे धामणगाव त्याच प्रवरेच्या वरच्या अंगाला, अकोले तालुक्यात. सांकळियांना आपली अविचल निष्ठा सांगायची आहे, हे उघड आहे. पण अमुक कामासाठी जन्मणे ह्या शब्दांचा आपल्या समाजात किती भयंकर अर्थ आहे! एकाला जन्माने विद्येचे वेड मिळते, दुसऱ्याला जन्माने बलुते मिळते. डेक्कन कॉलेजचे मूळही विसरता येत नाही. ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्यासाठी असलेल्या पेशवाईतल्या निधीतून १८२१ साली पुण्यात जी संस्कृत पाठशाळा निघाली, तिच्यातून ही संस्था वाढली. आज तिचे दार सर्वांना उघडे आहे, पण दारापर्यंतची वाट सर्वांना सारखी नाही.

खड्ड्यात आपली माणसे कधीच नव्हती असे मात्र नाही. घमेली उचलणारे, कुदळ मारणारे, खापरे धुणारे हात बहुतेक आपल्यासारख्यांचेच. १९७४ साली दायमाबादला झाडाचे मूळ खणताना काशाचे प्रसिद्ध शिल्पसंच सापडले : बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. वजन साठ किलोंहून अधिक. ते शोधले छबू लक्ष्मण भिल्ल ह्यांनी. शोध दिपवणारा होता म्हणून हे नाव ग्रंथांत टिकले. रोजंदारीवर वर्षानुवर्षे माती उपसणाऱ्या इतरांची नावे कोण लिहितो? कार्ल्याच्या चैत्यावर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी धेनुकाकटाच्या सामी नावाच्या सुताराचे नाव कोरले गेले, कारण दार त्याने केले होते. धम्माच्या त्या भिंतीवर सुताराला जागा होती. आजच्या अहवालात मजुराला ती का नसावी?

आणि सर्वांत मोठा खड्डा अजून घ्यायचाच राहिला आहे. 'द अनटचेबल्स' ह्या १९४८ सालच्या ग्रंथात बाबासाहेबांनी विचारले की, अस्पृश्य गावाबाहेर का राहतात? पराभूत होऊन विखुरलेल्या टोळ्यांची माणसे गावाच्या वेशीवर वसली, असे उत्तर त्यांनी मांडले. जिथे पुरावा तुटतो तिथे अनुमानाने दुवा जोडावा लागतो, हेही त्यांनी प्रस्तावनेत प्रांजळपणे मान्य केले. हा दुवा मातीत शोधता येण्याजोगा आहे. गावठाण किती जुने आणि वेशीबाहेरची वस्ती किती जुनी? दोन्हीकडचे खापर, हाडे, धान्य सारखे की वेगळे? उत्तर आपल्याला आवडेल तेच मिळेल, ह्या आशेने मात्र कुणी खणू नये. गौरवासाठी खणणारा प्रस्थापित आणि गौरवासाठी खणणारा दलित, दोघेही मातीला खोटे बोलायला लावतात.

म्हणून त्या विद्यार्थ्याला मी एवढेच सांगितले : खापर उचलले ती जागा आठव, गट नंबर आणि नदीपासूनचे अंतर वहीत लिही, आणि खापर तिथेच ठेवून ये. जागेवाचून खापर मुके असते. खणू नकोस, परवान्यावाचून खणणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय त्याने पुरावा मरतो. चालायला शीक, पाहायला शीक, नकाशा वाचायला शीक. अहवाल इंग्रजीत आहेत, तेव्हा इंग्रजीला भिऊ नकोस. संस्कृत येत नाही म्हणून मागे हटू नकोस. लेण्यांतले जुने लेख ब्राह्मी लिपीत आणि प्राकृतात आहेत, ती लोकांची भाषा होती. शास्त्र शाखेच्या मित्रांनाही सोबत घे, हाडे आणि परागकण त्यांना अधिक कळतात. आणि उत्खननाच्या शिबिरात गेलास की पहिल्या दिवशी मजुरांची नावे विचारून वहीत लिही.

आईच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे पुरते नाही. नोकऱ्या थोड्या आहेत, वाट लांब आहे, हे त्याला लपवून ठेवले नाही. पण आपण पांढरीबाहेर का, हे विचारायला आपल्यातलाच कुणी त्या पांढरीत कुदळीसह वहीही घेऊन उतरणार नसेल, तर आपला इतिहास पुन्हा दुसराच कुणी लिहील. आणि मग खापर कुणावर फोडायचे?