व्हॉल्व्हची जाळी आणि भंडारदऱ्याचा दरवाजा

१९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्यात स्थानबद्ध असताना मुंबईत उषा मेहता व त्यांचे सहकारी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवीत होते. ट्रान्झिस्टरचा शोध डिसेंबर १९४७ चा. तेव्हा तो आवाज पाठविणारी आणि ऐकविणारी यंत्रे निर्वात नळ्यांची, म्हणजे व्हॉल्व्हचीच होती.

नळी क्षीण संदेश मोठा कसा करते? ‘ट्रायोड संदेशाचे विवर्धन करतो’ हे वर्गात सर्रास मिळणारे उत्तर. हा तर प्रश्नाचाच पुनरुच्चार झाला! ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम शिकलेल्या विद्यार्थ्याला वाढीव ऊर्जा कोठून आली, हे यातून मुळीच कळत नाही.

काही शिक्षक नळाच्या तोटीची उपमा देतात. आम्हा नगरकरांना भंडारदरा धरणाचा दरवाजा अधिक जवळचा. दरवाजा थोडा उचलला की प्रवरेत पाण्याचा लोंढा येतो. पण त्याचा जोर दरवाजा उचलणाऱ्याचा नसून साठलेल्या पाण्याचा असतो. नळीतही तापलेल्या ऋणाग्रातून निघालेले इलेक्ट्रॉन धनाग्राकडे धावतात ते बॅटरीच्या बळावर. मधली जाळी, म्हणजे ग्रिड, त्यांना फक्त कमीअधिक अडवते. ती ऋण ठेवलेली असल्याने स्वतः जवळजवळ प्रवाह घेत नाही, आणि ऋणाग्राच्या निकट असल्याने तिच्यावरचा किंचित बदलही पुरेसा होतो.

उपमा येथवर उत्तम. पुढे मात्र ती तोकडी पडते. प्रवाह बदलला एवढ्याने व्होल्टेज वाढत नाही. त्यासाठी धनाग्राच्या मंडलात रोध हवा, आणि नेमका तोच पुष्कळदा सांगायचा राहतो. समजा, ग्रिडवरील १ व्होल्टच्या बदलाने त्या मंडलातील प्रवाह १ मिलिअँपिअरने बदलला. २०,००० ओहमच्या रोधावर हा बदल २० व्होल्टचा होईल. शिवाय प्रवाह वाढला की रोधावर अधिक व्होल्ट खर्ची पडून धनाग्राचे व्होल्टेज उतरते, म्हणजे संदेश उलटा होऊन बाहेर पडतो. दरवाजाच्या उपमेत याला जागाच नाही.

खुद्द ली डी फॉरेस्ट यांनाही १९०६ च्या सुमारास बनविलेली आपली ऑडियन नळी नीट उमगली नव्हती. आत उरलेला वायू आवश्यकच आहे, असे ते मानीत. अर्नोल्ड व लँगम्यूर यांनी १९१२-१३ च्या सुमारास तो वायू जवळजवळ पूर्ण काढून टाकला, तेव्हा नळी अधिक भरवशाची झाली. एडविन आर्मस्ट्राँग यांनी १९१४ मध्ये ग्रिडचे व्होल्टेज आणि धनाग्राचा प्रवाह यांच्या आलेखावरून तिचे कार्य उलगडले. तो आलेख आणि तो रोध आधी फळ्यावर यावेत, उपमा मागाहून आली तरी चालेल.