नौकाविहार आणि वल्हे : मराठी गद्यातील जलप्रवासाचा कर्ता कोण?

मराठी प्रवासवर्णनात पाण्याला तोटा नाही. नद्या आहेत, संगम आहेत, धबधबे आहेत, काश्मीरची सरोवरे आहेत, आगबोटीच्या कठड्यावरून दिसणारा समुद्रही आहे. परंतु या पाण्यावरून जाणारी नाव बहुधा दुसऱ्या कोणी चालविलेली असते, आणि तो दुसरा कोण हे वाक्यातून क्वचितच कळते. ‘नावेत बसलो’, ‘सरोवरात फेरफटका झाला’, ‘नौकाविहार केला’ या सरावातल्या वाक्यरचना तपासल्या तर असे दिसून येईल की त्यांत प्रवासी कर्ता आहे, पण क्रिया बसण्याची किंवा रमण्याची आहे. वल्हविण्याची क्रिया, आणि तिच्याबरोबर वल्हविणारा, वाक्यातून गळून गेलेला आहे. ही केवळ लेखकांची शैलीगत सवय आहे, की प्रमाण मराठी गद्याच्या घडणीतच तिचे मूळ आहे, हा प्रश्न प्रस्तुत लेखात विचारार्थ घेतला आहे.

तुलनेसाठी एक इंग्रजी कृती उपयोगी पडण्यासारखी आहे. आर्थर रॅन्सम (१८८४–१९६७) यांची ‘स्वॉलोज अँड ॲमेझॉन्स’ ही कादंबरी १९३० साली प्रसिद्ध झाली आणि पुढे बारा पुस्तकांच्या मालेतील पहिली ठरली. उन्हाळ्याच्या सुटीत उत्तर इंग्लंडच्या सरोवरांच्या प्रदेशात आलेली चार वॉकर भावंडे ‘स्वॉलो’ नावाची लहानशी शिडाची होडी घेऊन एका बेटावर तळ ठोकतात. तेथे ‘ॲमेझॉन’ होडीतून फिरणाऱ्या दोन ब्लॅकेट बहिणींशी त्यांचे आधी युद्ध आणि मग मैत्री होते. कथानक एवढेच. सरोवर कल्पित असले तरी विंडरमिअर आणि कॉनिस्टन या दोन खऱ्या सरोवरांच्या वर्णनांतून ते जोडलेले आहे. विंडरमिअर हे इंग्लंडमधील सर्वांत मोठे नैसर्गिक सरोवर असून त्याची लांबी सुमारे १७ किलोमीटर आहे. म्हणजे मुलांना ओलांडता येण्याइतके ते लहान आहे, आणि चूक केल्यास बुडविण्याइतके मोठेही आहे. कृतीतील सारा ताण या दोन मापांच्या मधल्या जागेत उभा राहतो.

भाषेच्या दृष्टीने या कादंबरीत लक्षणीय आहे ते तिच्यातील परिभाषेचे स्थान. शिडाच्या दोऱ्या, डोलकाठी, सुकाणू, वाऱ्याच्या दिशा यांची नावे येथे शोभेसाठी येत नाहीत; ती आज्ञा म्हणून येतात. होडीवर जॉन कप्तान आहे, सुसान त्याची दुय्यम अधिकारी, टिटी खलाशी आणि धाकटा रॉजर जहाजावरचा पोऱ्या. प्रत्येक शब्दाला उच्चारणारा आहे, ऐकणारा आहे आणि त्या शब्दाने घडणारी एक हालचाल आहे. शब्द चुकला तर होडी चुकते. कादंबरीच्या आरंभीच सात वर्षांचा रॉजर कुरणातून आईकडे धावत येतो तो सरळ रेषेत नव्हे, तर नागमोडी; कारण वारा समोरून आहे आणि या घटकेला तो स्वतःच एक शिडाचे जहाज आहे. वाऱ्याविरुद्ध जाण्याची ही पद्धत लेखक व्याख्या देऊन समजावीत नाही. मुलाच्या पायांनी ती वाचकाच्या अंगवळणी पडते, आणि मग पाण्यावर तीच हालचाल आली की खुलाशाची गरज राहत नाही. परिभाषा ललित गद्यात कशी मुरते याचा याहून स्वच्छ नमुना सहसा सापडत नाही.

याच कादंबरीत एक लेखकही आहे. ब्लॅकेट बहिणींचा मामा एका हाउसबोटीत मुक्काम ठोकून आपल्या प्रवासांच्या आठवणींचे पुस्तक लिहीत आहे. त्या लेखनाच्या नादात त्याने भाच्यांबरोबर खेळणे सोडले आहे, आणि म्हणूनच मुलांनी त्याला शत्रू ठरविले आहे. पाण्यावर राहूनही नाव न हाकणारा हा प्रवासलेखक शेवटी पाण्यात ढकलला जातो, तेव्हाच खेळात परत येतो. रॅन्समने हे रूपक म्हणून योजले असेल वा नसेल. परंतु मराठी प्रवासवर्णनाच्या अभ्यासकाने त्या हाउसबोटीपाशी क्षणभर थांबावे असे ते आहे.

जेरोम के. जेरोम यांचे ‘थ्री मेन इन अ बोट’ (१८८९) हे टेम्स नदीवरील तीन मित्रांच्या सहलीचे पुस्तक वरवर पाहता याच्या उलट टोकाचे वाटते. येथील मित्र कुशल नाहीत. नाव ओढणे, तंबू उभारणे, स्वयंपाक करणे यांपैकी काहीच त्यांना धड साधत नाही. तथापि विनोद निर्माण होतो तो ते करू पाहतात म्हणून. स्वस्थ बसून राहिलेल्या प्रवाशाची फजिती होऊ शकत नाही. साहस असो वा विनोद, दोन्हींना हाताला वल्हे लागलेला कर्ता आवश्यक आहे, हे या दोन कृती मिळून सिद्ध करतात.

आता मराठीकडे वळावे. मध्यमवर्गीय मराठी प्रवाशाच्या परिचयातील नौकाविहाराची स्थळे म्हणजे महाबळेश्वरचा वेण्णा तलाव, ठाण्याचा मासुंदा तलाव आणि उत्तरेस श्रीनगरचे दल सरोवर. यांपैकी दल सरोवराने मराठीला ‘शिकारा’ हा शब्द दिला आणि तो घरोघरी रुजला. काश्मिरी नावाड्याच्या पेशाचे ‘हांजी’ हे नाव मात्र त्याच वाटेने आले नाही. वस्तू आली, ती चालविणारा आला नाही. ‘नौकाविहार’ हा शब्दही असाच बोलका आहे. ‘विहार’ म्हणजे सुखाने संचार करणे. त्यात श्रमाला जागा नाही. संस्कृतातून घेतलेला हा सामासिक शब्द प्रवाशाचे सुख नेमके सांगतो आणि त्याच घटकेला नावाड्याला अदृश्य करतो.

मराठी गद्य आरंभापासून असे होते असे मात्र म्हणता येणार नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त (सुमारे १७१५) आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग मानून गुराबा आणि गलबते कशी असावीत, त्यांवर माणसे कशी नेमावीत याचा विचार केलेला आहे. जहाजासाठी लाकूड तोडताना रयतेने लेकरांप्रमाणे वाढविलेल्या आंब्या-फणसाला तिच्या राजीखुशीवाचून हात लावू नये, इतक्या बारकाव्यापर्यंत ते गद्य जाते. ते पाण्याकडे काठावरून पाहणारे गद्य नव्हे. जहाज बांधणाऱ्याच्या आणि हाकणाऱ्याच्या बाजूचे आहे. मोल्सवर्थच्या कोशातही (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) किनाऱ्यावरील शब्दांची आवक मोठी आहे. खंड पडला तो त्यानंतर. एकोणिसाव्या शतकात शाळा, पाठ्यपुस्तके आणि नियतकालिके यांच्या द्वारे जी प्रमाण भाषा स्थिर झाली तिचे केंद्र पुण्याकडे, म्हणजे घाटमाथ्यावर होते. ‘नांगर’ या शब्दाचे दोन अर्थ या संदर्भात ध्यानात घेण्यासारखे आहेत. देशावर तो भुई फाडतो, कोकणात तो नाव थांबवितो. प्रमाण गद्याला पहिला नांगर घरचा वाटतो, आणि दुसरा बहुधा संदर्भ दिल्यावाचून कळत नाही.

याला धार्मिक-सामाजिक बाजूही आहे. समुद्रपर्यटनाचा निषेध सांगणाऱ्या परंपरेत पाणी ही ओलांडण्याची नव्हे, तर न ओलांडण्याची सीमा होती. गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ (१९५७) या कृतीला ज्या नर्मदा परिक्रमेचा आधार आहे तिचा नियमही असाच आहे. नदी सतत उजव्या हाताला ठेवावयाची, तिचे पात्र कोठेही ओलांडावयाचे नाही, आणि नावेत बसावयाचे ते केवळ सागरसंगमापाशी, एकदाच. या परंपरेतून नदीविषयी अपार आत्मीयतेचे गद्य निर्माण झाले. पण ते पायी चालणाऱ्याचे गद्य आहे. कुसुमाग्रजांच्या ‘कोलंबसाचे गर्वगीत’ या कवितेने समुद्राला आव्हान देणारा नाविक मराठीत प्रतिष्ठित केला हे खरे. तथापि तेथे समुद्र हा मानवी ईर्षेचा प्रतिस्पर्धी आहे, रोजच्या कामाची जागा नव्हे. मुलांच्या साहसकथेतही हेच दिसते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हा फुरसुंगीचा, पुण्यात शिकणारा आणि सायकलीवर स्वार झालेला नायक आहे. त्याची सायकल मराठी मुलांच्या भावविश्वात जशी स्थिरावली तशी कोणत्याही नायकाची होडी स्थिरावली नाही.

या चर्चेला दिघ्यासारख्या ठिकाणी प्रत्यक्ष कसोटी मिळते. नवी मुंबईच्या उत्तर टोकाला, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या या गावाच्या एका अंगाला ठाण्याची खाडी आहे आणि दुसऱ्या अंगाला इलठणपाड्याचे, ब्रिटिश अमदानीत रेल्वेसाठी बांधलेले धरण. एक पाणी भरती-ओहोटीने श्वास घेणारे, दुसरे भिंतीने अडविलेले. खाडीकाठच्या आगरी-कोळी बोलीत पहिल्या पाण्यासाठी एक संपूर्ण व्याकरणच आहे. भरतीला ‘उधाण’ आहे तसा ‘भांग’ आहे. होडीला ‘नाळ’ आहे, शिडाला ‘परबाण’ आहे. नाव हाकणारा ‘तांडेल’ किंवा ‘नाखवा’ आहे. नाखवा आणि दर्या फारसीतून, सुकाणू आणि खलाशी अरबीतून आलेले. म्हणजे या बोलीने पश्चिम समुद्राच्या व्यापाराचा इतिहास आपल्या शब्दांत सांभाळला आहे. तेथे होडीची ‘होरी’ होते, आणि कोळीगीतांत वल्हविणाऱ्याला थेट आज्ञार्थी क्रियापदाने साद घातली जाते. जी आज्ञा रॅन्समच्या गद्याचा कणा आहे, ती मराठी बोलीत आणि गीतात जिवंत आहे. प्रमाण गद्यात तेवढी ती पोचलेली नाही.

ग्रियर्सनच्या भाषिक पाहणीच्या सातव्या खंडात (१९०५) कोकणातील या बोलींची नोंद झाली, आणि १९६३ पासून घाटगे यांच्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणाने तशा नोंदीला शास्त्रीय शिस्त आणली. परंतु नोंद म्हणजे वापर नव्हे. १९७० साली सिडकोची स्थापना होऊन या पट्ट्यातील ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी संपादित होऊ लागली. मिठागरे, खाचरे आणि मासेमारी यांचा आधार सुटत गेला, तसतसे त्यांचे शब्दही कामावाचून राहू लागले. शब्द विसरला जातो तो स्मरणशक्ती कमी पडते म्हणून नव्हे. त्या शब्दाने सांगण्याजोगे काम उरत नाही म्हणून.

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, परिभाषेने साहित्य होत नाही. नौकेच्या अवयवांची यादी ही कादंबरी नव्हे. हे मान्यच करावे लागेल. परंतु येथे मागणी यादीची नाही, क्रियापदाची आहे. ‘परबाण’ हा शब्द तळटीपेत दिला तर तो मृत आहे. कोणी कोणाला ते उतरविण्यास सांगितले आणि ते वेळेत उतरले की नाही, हे वाक्यात आले की तो जिवंत होतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नाव वल्हविणे हा आपल्याकडे विशिष्ट जातींचा व्यवसाय होता, सुटीतला खेळ नव्हता. रॅन्समच्या मुलांजवळ फुरसत आहे, होडी आहे, आणि काठावर दूध-भाकरी पुरविणारे शेतघर आहे. तेव्हा मराठी प्रवासलेखक स्वतःला प्रवासी म्हणवितो तो आपल्या सामाजिक स्थानाशी प्रामाणिक राहूनच. हे बरोबर आहे, आणि म्हणूनच लेखकाने वल्हे हाती घेतल्याचा आव आणावा असे कोणी सुचविणार नाही. पण प्रामाणिकपणा एवढ्यावर थांबत नाही. आपण बसलो असू तर वल्हवीत कोण होते, त्याने पाण्याला काय नाव दिले, कोणत्या घटकेला परत फिरावयाचे हे त्याने कशावरून ठरविले, हे सांगणे प्रवाशालाही शक्य आहे. त्यासाठी हात नव्हे, कान लागतो.

याला अनुकूल परिस्थितीही आज आहे. ठाणे खाडीचा भाग २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ साली रामसर यादीत आला. दिघ्याशेजारच्या ऐरोलीहून वन विभागाच्या केंद्रातर्फे पक्षिदर्शनाच्या नावा सुटतात, आणि हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत मित्रमंडळींचे घोळके त्यांत बसतात. २०२४ च्या जानेवारीत दिघा गाव स्थानक सुरू झाल्याने ठाणे-वाशी मार्गावरून येणाऱ्याला हा काठ आणखी जवळचा झाला आहे. या नावांची वेळ घड्याळावर ठरत नाही, भरतीवर ठरते. म्हणजे शहरी प्रवाशाला खाडीचे पंचांग विचारल्यावाचून येथे गत्यंतर नाही, आणि ते सांगू शकणाऱ्यांची एक पिढी अद्याप काठावर आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तो भाषेच्या प्राचीनतेचा गौरव आहे. भाषेचा विस्तार मात्र तिचे गद्य किती प्रकारची कामे बोलू शकते यावरून मोजावा लागतो. खाडीकाठच्या बोलीचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने शब्दांबरोबर ते ज्या आज्ञांत उच्चारले जातात त्या वाक्यांचीही टिपणे केली, कोणी कोणाला, कोणत्या वाऱ्यात, कशासाठी सांगितले यासह केली, तर कोशाला एक नोंद मिळेल आणि ललित गद्याला एक कर्ता मिळेल. मराठी नौकाविहारात आजवर जागा न मिळालेला माणूस तोच आहे.