नामदार दादासाहेब खापर्डे : ‘सरकारनियुक्त’ या शेऱ्याची परीक्षा

अमरावतीचे गणेश श्रीकृष्ण तथा दादासाहेब खापर्डे (१८५४-१९३८) यांच्या चरित्राची साधनें चाळतांना एक शेरा खटकतो. १९१९ च्या सुधारणांअन्वये स्थापन झालेल्या कौन्सिल ऑफ स्टेटच्या याद्यांत त्यांचें नांव सरकारनियुक्तांच्या सदराखालीं पडतें. टिळकांच्या अपिलासाठीं १९०८ सालीं विलायतेस गेलेला, रौलट बिलांस कायदेमंडळांत विरोध करणारा हा पुढारी अखेरीस सरकारच्या पंक्तीस जाऊन बसला, असें त्यावरून मानण्याचा मोह होतो. वऱ्हाडांतील जाणत्यांच्या तोंडूनही मीं तें ऐकलें आहे. हें मत टिकण्यासारखें नाहीं.

वऱ्हाड १९०२ च्या करारानें इंग्रजांकडे कायमच्या पट्ट्यानें राहिला व १९०३ पासून मध्यप्रांताशीं जोडला गेला; परंतु त्यावरील स्वामित्व नांवापुरतें निजामाचेंच होतें. कायद्याच्या दृष्टीनें हा मुलूख ब्रिटिश हिंदुस्थान नव्हे. सबब येथील मतदारांनीं निवडलेला गृहस्थ ‘लोकनियुक्त’ या संज्ञेस पात्र होईना. तोड अशी निघाली कीं, निवडणूक वऱ्हाडांत व्हावी आणि तींत जो यशस्वी होईल त्यासच सरकारनें नेमावें. मध्यप्रांताच्या कौन्सिलांत हीच रीत आधींपासून होती. दादासाहेबांची नेमणूक ती या जातीची.

याला एक सुंदर पाठभेद साक्ष आहे. साठ सभासदांच्या त्या कौन्सिलांत निवडलेले ३३ व नेमलेले २७, असें कांहीं ग्रंथ सांगतात. कांहीं ३४ व २६ सांगतात. शाळेंत इतिहास शिकवितांना मीही चौतीस हाच आंकडा वर्षानुवर्षें फळ्यावर लिहिला, आणि तेहतीस लिहिणाऱ्या मुलाचे गुण कापले. दोन्ही पाठ शुद्ध आहेत. मधला एक सभासद वऱ्हाडचा; कोणी त्यास कायद्याप्रमाणें मोजतो, कोणी वस्तुस्थितीप्रमाणें.

गोंधळाचें मूळ मला नगरपालिकेंत दिसतें. दादासाहेब अमरावती नगरपालिकेचे उपाध्यक्ष व जिल्हा बोर्डाचे अध्यक्ष होते. त्या काळच्या स्थानिक संस्थांत सरकारनें नेमलेला सभासद म्हणजे खरोखरच साहेबाच्या मर्जीतला मनुष्य, हा अनुभव लोकांस रोजचा. तोच अर्थ त्यांनीं दिल्लीच्या यादीस लावला. शब्दाचा अर्थ प्रकरणावरून ठरवावा, हा शास्त्राचा पहिला धडा येथें विसरला गेला.

म्हणून दादासाहेब टीकेपलीकडे ठरतात असें नव्हे. १९२० सालीं कांग्रेसनें कौन्सिलांवर बहिष्कार पुकारला असतां ते उमेदवार झाले आणि असहकारितेच्या प्रश्नावर कांग्रेसपासून दूर गेले. १८९७ च्या अमरावती कांग्रेसच्या स्वागताध्यक्षानें असें करावें, हें पुष्कळांस रुचलें नाहीं. मलाही त्यांतील घाई पटत नाहीं. पण हा दोष राजकीय निर्णयाचा आहे, लाचारीचा नव्हे. पुढें अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी हे कांग्रेसनिष्ठ गृहस्थ वऱ्हाडतर्फे याच कौन्सिलांत बसले. त्यांस मात्र सरकारचा माणूस म्हणण्यास कोणाची जीभ धजत नाहीं. एकाच दाराचे दोन अर्थ कसे?

दादासाहेबांची इंग्रजी दैनंदिनी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारांत आहे. तींतील शिर्डीच्या मुक्कामाचीं पानें भाविकांनीं पुनःपुन्हां वाचलीं. नगरपालिकेच्या व कौन्सिलाच्या दिवसांचीं पानें तितक्या आस्थेनें कोणी वाचलेलीं दिसत नाहींत. अमरावती-अकोल्याच्या जुन्या वाड्यांतून त्या निवडणुकीच्या मतदारयाद्या, जाहिरपत्रकें वा वकिलांचीं खासगी पत्रें निघालीं, तर तीं रद्दींत घालूं नयेत. आणि एखाद्या संग्रहाच्या सूचींत दादासाहेबांच्या नांवापुढें ‘सरकारनियुक्त’ असा शेरा असेल, तर तोही खोडूं नये; शेजारीं ‘वऱ्हाडांतील निवडणुकीअन्वयें’ एवढे दोन शब्द निराळ्या शाईनें लिहावे.