श्रीमंताचं तारण : क्लेमेंटचं प्रवचन आणि त्याने न विचारलेला प्रश्न

पत्रिकेवर 'ख्रिस्ती धर्म, संपत्ती आणि तारण' असा भलामोठा विषय छापला आहे. तो सगळा तासाभरात मांडायचा म्हणजे दोन हजार वर्षांवरून नुसती धाव घ्यायची. आम्ही तसं करणार नाही. एकच गोष्ट घेऊ, आणि तिच्यावरचं एक प्रवचन नीट वाचू. बाकीचे लोक लागतील तसे बोलावू.

आधी शब्द. मराठी बायबल आणि मराठी चर्च यांच्या भाषेत आत्म्याच्या सुटकेला 'तारण' म्हणतात. हाच शब्द बँकेच्या पाटीवर असतो, 'सोनेतारण कर्ज'. बाजार समितीत शेतमाल तारण ठेवतात. तरून जाणं आणि गहाण ठेवणं, दोन्ही एका शब्दात. भाषांतरकारांनी हा श्लेष ठरवून केला नसणार. पण आज जे प्रवचन बघायचं आहे, त्यात हे दोन अर्थ सारखे एकमेकांत मिसळतात, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

गोष्ट मार्कच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायात आहे. एक माणूस धावत येतो, गुडघे टेकतो आणि विचारतो, सार्वकालिक जीवन मिळवायला मी काय करू? येशू त्याला आज्ञांची आठवण देतो. तो म्हणतो, या तर मी लहानपणापासून पाळतो आहे. येशू त्याच्याकडे प्रेमाने बघतो (हे प्रेमाने बघणं फक्त मार्क सांगतो) आणि म्हणतो, एक राहिलंय. आहे ते वीक, गरिबांना दे, आणि माझ्यामागे ये. माणसाचा चेहरा पडतो. तो निघून जातो, कारण त्याची मालमत्ता मोठी असते. मग उंट आणि सुईच्या नेढ्याची ती प्रसिद्ध उपमा येते. आपण या माणसाला 'श्रीमंत तरुण अधिकारी' म्हणतो खरं, पण तसा माणूस कुठल्याच एका शुभवर्तमानात नाही. तरुण तो मत्तयाकडे, अधिकारी लूककडे. मार्ककडे तो नुसता कुणी एक जण आहे.

उंटाला नेढ्यातून पार करण्याचे उद्योग पुष्कळ झाले. कुणी म्हणालं, मूळ ग्रीक शब्द उंटाचा नाही, जाडजूड दोराचा आहे, एकाच स्वराचा काय तो फरक. कुणी सांगितलं, जेरुसलेमला 'सुईचं नेढं' नावाचा छोटा दरवाजा होता, ओझं उतरवून गुडघ्यावर बसला की उंट जायचा. अशा दरवाजाचा काहीही पुरावा नाही, ही मागाहून आलेली दंतकथा आहे. यहुदी तालमुदमध्ये तर सुईच्या नेढ्यातून जाणारा हत्ती आहे. तिथे कुणी हत्तीसाठी दरवाजा शोधत नाही. अशक्य म्हणजे अशक्य, एवढाच त्या बोलण्याचा अर्थ.

क्लेमेंट मात्र असल्या पळवाटा काढत नाही, आणि म्हणूनच तो वाचायचा. हा अलेक्झांड्रियाचा शिक्षक, तत्त्वज्ञान मुरलेला माणूस. साधारण इ. स. २०० च्या सुमाराचं हे प्रवचन, नाव 'तारण पावणारा श्रीमंत कोण?'. अलेक्झांड्रिया म्हणजे रोमला धान्य पुरवणारं बंदर. जहाजमालक, व्यापारी, सावकार यांचं शहर. त्यातले काही आता चर्चमध्ये येऊन बसू लागले होते, आणि हा अध्याय ऐकून त्यांच्या पोटात गोळा उठत होता. क्लेमेंट सुरुवातीलाच श्रीमंतांची खुशामत करणाऱ्यांना झोडपतो. मग म्हणतो, पण त्यांना निराश करून हाकलून देणंही बरोबर नाही. इथवर आम्ही त्याच्या बाजूचे.

त्याचा मुद्दा असा. संपत्ती हे हत्यार आहे, अवजार आहे. नीट वापरलं तर चांगलं, वाईट वापरलं तर वाईट, स्वतः ते निर्दोष. सुताराच्या हातून लाकूड बिघडलं तर आपण करवतीला शिक्षा करत नाही. (करवत आमची, युक्तिवाद त्याचा.) तेव्हा विकून टाक म्हणजे काय, तर मनातली हाव विकून टाक. पैसे सोडून देणारे लोक येशूच्या आधीही होऊन गेले, अ‍ॅनॅक्झॅगोरस होता, डेमॉक्रिटस होता, क्रेटीस होता. देवाच्या पुत्राने तेवढंच सांगितलं असेल तर त्यात नवं ते काय? शिवाय सगळ्यांनीच सगळं देऊन टाकलं, तर भुकेल्याला जेवण, उघड्याला कपडा द्यायचा कुणी आणि कशातून? येशूच म्हणतो ना, भुकेल्याला खाऊ घाला?

हा शेवटचा प्रश्न चांगला आहे. तो झटकून टाकणाऱ्यांपैकी आम्ही नाही. आणि क्लेमेंट इथे थांबला असता तर तो नुसताच श्रीमंतांचा वकील ठरला असता. पण उत्तरार्धात तो खरोखर द्यायला सांगतो, आणि भरभरून द्यायला सांगतो. पात्र कोण, अपात्र कोण याची चौकशी करत बसू नका म्हणतो. एके ठिकाणी तर, जे माणूस फक्त स्वतःचं म्हणून धरून ठेवतो आणि गरजवंतांसाठी मोकळं करत नाही, ते सगळंच अन्यायाचं धन, इथपर्यंत जातो. नंतरच्या पुष्कळ गुळगुळीत उपदेशकांनी क्लेमेंटचा पूर्वार्ध तेवढा उचलला.

मग आमची तक्रार काय? त्याची भाषा ऐका. दानाला तो व्यापार म्हणतो, उत्तम व्यापार. नाशवंत पैसा देऊन अविनाशी जीवन विकत घ्यायचं, एवढा सौदा कुठे मिळतो? पुढे तो श्रीमंताला एक फौज उभारायला सांगतो. म्हातारे, अनाथ, विधवा यांची बिनशस्त्र फौज. यांना पोसा, म्हणजे यांच्या प्रार्थनेने बुडणारं जहाज सावरेल, दुखणं हटेल, दरोडेखोरांचा हल्ला निष्प्रभ होईल. अलेक्झांड्रियाच्या जहाजमालकाला हे किती पटलं असेल! विमाच झाला हा. हप्ता भाकरीचा. विधवा इथे आहे, अनाथ आहे, पण तो कुणासाठी आहे? जहाजमालकासाठी. तिला भूक लागते ही बातमी मुख्य नाहीच. तिची प्रार्थना पोचते ही बातमी मुख्य. प्रवचनाचं नावच बघा ना, श्रीमंताचं तारण. गरीब म्हणजे त्याचं तारण, बँकेतल्या अर्थाने. आणि हे आपल्याला परकं वाटू नये. दारात आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवू नये, पुण्य लागतं, हे आपल्याही घरोघरी चालतं. पुण्य लागतं देणाऱ्याला. घेणाऱ्याचं पुढे काय झालं, याची नोंद कुठल्या वहीत असते?

आता मूळ गोष्टीकडे परत. येशू ज्या आज्ञा मोजतो, त्या बहुतेक दहा आज्ञांमधल्या आहेत. खून नको, व्यभिचार नको, चोरी नको, खोटी साक्ष नको, आईबापांचा मान राख. पण मार्कमध्ये मध्येच एक जादाची आहे, ठकवू नको. ही दहांमध्ये नाही. मत्तय आणि लूक यांच्याकडे ती नाही, आणि मार्कच्याही काही जुन्या हस्तलिखितांतून ती गळलेली आहे. त्या ग्रीक क्रियापदाचा अर्थ दुसऱ्याचं देणं बुडवणं, त्याच्या हक्काचं अडवून धरणं. याकोबाच्या पत्रात शेत कापणाऱ्या मजुरांची अडवलेली मजुरी ओरडते, तोच हा मुलूख. म्हणजे मोठ्या मालमत्तेच्या माणसाला येशूने हळूच विचारलंय, हे आलं कुठून? संपत्ती कशी वापरावी यावर क्लेमेंट पानंच्या पानं बोलतो. ती जमली कशी, हा त्याच्या प्रवचनाचा विषय होत नाही. अवजाराच्या उपमेने तो दार लावून घेतो. करवत कुणाच्या घरून आणली, हे करवतीच्या उपमेत विचारताच येत नाही.

ते विचारणारे होते. 'इब्र्यांचं शुभवर्तमान' नावाचा एक ग्रंथ होता, आज तो तुकड्यांत उरला आहे. त्यातला एक तुकडा ऑरिजेनच्या मत्तयावरच्या भाष्याच्या लॅटिन अनुवादात सापडतो. तिथे वीक आणि वाटून टाक म्हटल्यावर श्रीमंत माणूस डोकं खाजवायला लागतो. (किती खरं आहे हे डोकं खाजवणं!) आणि येशू त्याला विचारतो, तू नियम पाळलास म्हणतोस कसा? तुझे भाऊबंद, अब्राहामाचीच लेकरं, घाणीत आणि उपाशी मरताहेत, आणि तुझं भरलेलं घर त्यांच्यासाठी काहीच बाहेर काढत नाही. इथे गरीब मध्यभागी आला. आणि तो भाऊ म्हणून आला.

चौथ्या शतकातला बेसिल, कॅपाडोशियातल्या सीझरियाचा, हाच धागा पकडतो. ३६९ च्या सुमारास तिकडे मोठा दुष्काळ पडला. बेसिलने कोठारं उघडायला लावली, पुढे शहराबाहेर आजारी आणि गरिबांसाठी वसाहतच उभारली. त्याच्या एका प्रवचनात एक बाप आहे. धान्यासाठी एक मूल विकायचं आहे, आणि कोणतं विकावं ते त्याला ठरवता येत नाही. दुष्काळ पाहिलेल्या प्रांतातल्या लोकांना हे समजावून सांगायला नको. आणि श्रीमंतांवरच्या दुसऱ्या प्रवचनात तो त्या श्रीमंत माणसाला उलटतपासणीला घेतो. शेजाऱ्यावर स्वतःइतकं प्रेम केलंस म्हणतोस, तर मग तुझ्याकडे एवढं उरलं कसं? बेसिलही दानाला देवाला दिलेलं कर्ज म्हणतो, ती भाषा त्याचीही सुटत नाही. पण हिशेब मागण्याची दिशा उलटली आहे.

सगळ्यांत पुढे गेला तो एक निनावी लेखक. पाचव्या शतकाच्या सुरुवातीचा, पेलेजियसच्या वर्तुळातला. त्याचा 'संपत्तीविषयी' नावाचा लॅटिन निबंध आहे. त्याचं म्हणणं सरळ आहे. मूठभर श्रीमंत आहेत म्हणूनच बाकीचे गरीब आहेत. श्रीमंत हटवा, गरीब शोधून सापडणार नाही. गरजेपुरतं ठेवा, जास्तीचं सोडा. असं बोलणारे लोक सिसिलीत होते. तिथल्या सिराक्यूजहून हिलरी नावाच्या माणसाने काळजीने ऑगस्टीनला विचारलं, आणि ४१४-१५ च्या सुमारास ऑगस्टीनने लांबलचक उत्तर धाडलं. अब्राहाम श्रीमंत नव्हता का? आणि गरीब लाजर मेल्यावर विसावला तो याच श्रीमंत अब्राहामाच्या उराशी ना? सगळं विकणं हा पूर्णतेचा सल्ला आहे, तारणाची अट नाही. ऑगस्टीनने स्वतः वडिलोपार्जित जमीन सोडली होती, म्हणून हे त्याच्या तोंडी शोभतं. आणि उत्तर बिनतोड आहे, फक्त दुसऱ्याच प्रश्नाला. निनावी लेखक विचारत होता गरिबी का आहे. ऑगस्टीन सांगतो श्रीमंत स्वर्गात जाऊ शकतो. ४१८ मध्ये पेलेजियसचं मत पाखंड ठरलं. कृपेवरचा तो वाद वेगळा, त्यात आज शिरत नाही. पण त्या भांड्याबरोबर हा प्रश्नही फेकला गेला.

हे सगळं दूरचं वाटत असेल तर एक जवळची तारीख देतो. २२ डिसेंबर १९१६, अलाहाबाद, म्योर सेंट्रल कॉलेज. अर्थशास्त्राच्या मंडळापुढे बोलताना गांधीजींनी मार्कचा हाच उतारा वाचून दाखवला, आणि येशू त्याच्या काळातला थोर अर्थशास्त्रज्ञ होता असं सांगितलं. पुढे त्यांनी मांडलेला विश्वस्तपणाचा विचार क्लेमेंटच्या फार जवळचा आहे. धन ठेवा, पण मालक म्हणून नको, विश्वस्त म्हणून. त्यावर बाबासाहेबांनी १९४५ च्या ग्रंथात कठोर टीका केली, कारण मालक आपण होऊन बदलतील या भरवशावर ज्याला जगायचं असतं, त्याला कुणी विचारलेलंच नसतं. निनावी लेखक आणि ऑगस्टीन यांच्यातलाच खटला, पंधराशे वर्षांनी आपल्या अंगणात. यात आम्ही कुणाकडे झुकतो ते तुमच्या ध्यानात आलं असेल.

पण क्लेमेंटला सोडण्याआधी त्याच्या प्रवचनाचा शेवट सांगायलाच हवा. तो युक्तिवाद थांबवतो आणि एक गोष्ट सांगतो. म्हातारा प्रेषित योहान एका शहरातल्या बिशपच्या हाती एक तरणाताठा मुलगा सोपवतो. मुलगा बिघडतो, डोंगरातल्या दरोडेखोरांचा नायक होतो. काही काळाने योहान परत येतो आणि बिशपला म्हणतो, मी दिलेली ठेव परत कर. बिशप गोंधळतो. त्याला वाटतं, न घेतलेल्या पैशांसाठी आपल्यावर खोटा आळ येतोय. योहान म्हणतो, तो मुलगा कुठे आहे? मग घोडा मागवून तो डोंगरात जातो. मुलगा त्याला ओळखून लाजेने पळू लागतो, आणि वय विसरून म्हातारा त्याच्यामागे धावतो.

ठेव म्हटल्याबरोबर बिशपला आठवले ते पैसे. श्रीमंतांसाठी लिहिलेल्या प्रवचनात क्लेमेंटने हा प्रसंग शेवटी का ठेवला, ते त्याने सांगितलेलं नाही. तो म्हणतो ही गोष्ट पश्चात्तापाची. आम्हाला ती त्या बिशपचीही वाटते.

बरं, आता प्रश्न घेऊ.